नवे अलाइनर दुखतात तेव्हा काय सोसावे आणि काय सोसू नये

उत्तर कोणत्या परिस्थितीला धरून आहे हे स्पष्ट राहावे म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही शाळेत शिकवता आणि वरच्या व खालच्या दातांना पारदर्शक अलाइनर, म्हणजे दात हळूहळू जागेवर सरकवणारे आणि ठरावीक दिवसांनी बदलायचे प्लॅस्टिकचे साचे, लावून तीन दिवस झाले आहेत. घास चावताना समोरचे दात दुखतात, जिभेची एक कड सोलवटली आहे, आणि उच्चार बोबडे होतात म्हणून वर्गावर जाताना तुम्ही अलाइनर डबीत ठेवता. दुपारी ते पुन्हा चढवताना मात्र डोळ्यांत पाणी येते. टोचणारी कड घरीच घासावी का, दुखण्यावर गोळी घ्यावी का, आईंनी सुचवलेले लवंगेचे तेल लावावे का आणि उपचार संपेपर्यंत हे असेच चालणार का, असे तुम्ही विचारले आहे.

तुम्ही ज्याला एक दुखणे म्हणता, ती माझ्या मते दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर तुम्ही एकच उपाय करत आहात, तो म्हणजे अलाइनर काढून ठेवणे. दातांवरच्या दाबाचे दुखणे अलाइनर सलग घालूनच कमी होते, काढून ठेवल्याने उलट वाढते. जिभेला, गालाला किंवा हिरडीला कड घासून होणारे दुखणे मात्र सोसण्याचे काहीच कारण नाही, कारण ते दात सरकण्याचा भाग नसून प्लॅस्टिकच्या कडेतला दोष असतो आणि दोन मिनिटांत दूर करता येतो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या रुग्णांची बरीचशी कुचंबणा या दोहोंची गल्लत झाल्याने होते: जे सोसायचे ते ते टाळतात आणि जे टाळता येते ते निमूटपणे सोसतात.

दाबाचे दुखणे कुठून येते हे समजले की पुढचे सल्ले पटायला सोपे जातात. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि त्यात रक्तवाहिन्या व चेतातंतू असतात. एक अलाइनर एखाद्या दाताला बहुधा जास्तीत जास्त ०.२५ मिलिमीटरच्या आसपास सरकवेल असा आखलेला असतो, म्हणजे हे अंतर जवळजवळ त्या थराच्या जाडीएवढेच असते. दाब आलेल्या बाजूला तंतू चेपले जातात, तिथे सौम्य दाह सुरू होतो, प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये स्रवतात आणि त्यांच्या सांगण्यावरून पेशी एका बाजूचे हाड विरघळवू लागतात व दुसऱ्या बाजूला नवे घालू लागतात. दात सरकतो तो असा. तीच द्रव्ये चेतातंतूंना हळवे करतात, म्हणून एरवी सहज चावता येणारी पोळीसुद्धा त्या दिवसांत दाताला लागते. हे दुखणे अलाइनर घातल्यानंतर काही तासांनी सुरू होते, साधारण २४ तासांनी सर्वांत जास्त असते, तिसऱ्या दिवसापासून उतरू लागते आणि आठवड्याच्या आत बहुतेकांचे थांबते. ते उतरण्यामागे दात थोडा सरकलेला असणे हे एक कारण आहे. दुसरे असे की, तोंडातल्या उबेत आणि ओलाव्यात प्लॅस्टिकचा ताण पहिल्याच दिवसात बराच सैलावतो.

आता तुमच्या दिनक्रमाकडे पाहू. सकाळी सातला अलाइनर काढून दुपारी दोनला घातला, की मधल्या सात तासांत दात मूळ जागेकडे परतू लागतात, कारण ताणलेले तंतू त्यांना मागे ओढत असतात. दुपारी तुम्ही जो अलाइनर घालता तो त्या दातांसाठी पुन्हा नवाकोरा घट्ट असतो आणि पहिल्या दिवसाचे दुखणे परत पहिल्यापासून सुरू होते. आठवड्याभरात एकदाच यायची वेदना अशा रीतीने रोज येते. दिवसाला २० ते २२ तास अलाइनर घालण्याचा जो नियम तुम्हाला सांगितला असेल, तो उपचार वेळेत संपावा एवढ्यासाठीच नसतो. दुखणे कमी ठेवण्याचाही तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. त्यामुळे वर्गावर असताना अलाइनर न काढणे हा माझा पहिला सल्ला. तो तुम्हाला जाचक वाटेल याची जाणीव आहे, म्हणून उच्चारांबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

दुखण्याचे प्रमाण सर्वांचे सारखे नसते. दात दाटीवाटीने उगवलेले असतील तर समोरच्या दातांना जास्त जाणवते. हिरड्या सुजलेल्या असतील तर साध्या दाबानेही ठणकते. रात्री दात खाण्याची सवय असेल तर सकाळी जबडा आंबलेला असतो. पुष्कळ ठिकाणी पहिला अलाइनर अगदी सौम्य ठेवतात आणि दातांवर बसवायचे दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे, म्हणजे अटॅचमेंट, पुढच्या भेटीत लावतात. अशा रुग्णाला पहिल्यापेक्षा दुसरा किंवा तिसरा अलाइनर जास्त दुखतो आणि काहीतरी बिघडले अशी त्याची समजूत होते. दातांमध्ये जागा करण्यासाठी कडा किंचित घासल्या असतील तर काही दिवस गार पाण्याने दात शिवशिवू शकतात. त्यासाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरावी लागते आणि तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातात. तुमच्या बाबतीत यांपैकी काय लागू आहे, हे तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांना, एका वाक्यात विचारता येईल.

गोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. लागलीच तर पॅरासिटामॉल घ्यावी, तीही पहिल्या एक-दोन दिवसांपुरती. प्रौढ व्यक्तीने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास ठेवावेत आणि सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असते हे लक्षात ठेवून दिवसाची बेरीज करावी. यकृताचा आजार असेल किंवा रोज मद्य घेतले जात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही औषधे दाह कमी करूनच वेदना कमी करतात, आणि दात सरकण्यासाठी तोच दाह हवा असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा औषधांनी दातांची हालचाल मंदावलेली दिसली आहे. एखाद-दुसऱ्या गोळीने तुमचा उपचार रखडेल असे मी म्हणणार नाही, पण कंबरदुखीसाठी आणलेली पट्टी घरात आहे म्हणून आठवडाभर ती घेत राहणे योग्य नाही. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा गर्भारपण असेल, अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर या गोळ्या मनाने घेऊच नयेत. पावसाळ्यात अंगात ताप असताना तर मुळीच नकोत, कारण तो ताप डेंग्यूचा निघाल्यास या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लवंगेच्या तेलाबाबत आईंचा अनुभव खोटा नाही. किडलेल्या दाताच्या खड्ड्यात त्या तेलाचा बोळा ठेवला की तात्पुरते बधिरपण येते, हे सर्वांना ठाऊक आहे. इथे मात्र दुखणे दाताच्या मुळाभोवती, हाडाच्या आत असते आणि वरून लावलेले तेल तिथवर पोहोचत नाही. उलट ते हिरडीला चटका देते आणि त्यावर अलाइनर चढवला की तेल तिथेच दाबून राहते. हिरडी भाजल्यामुळे पांढरी पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यापेक्षा गार पाण्याचे घोट घ्यावेत किंवा गालावर बाहेरून थंड कापडाची घडी ठेवावी. उपाय साधे आहेत, पण बहुतेकांना त्यांनी बरे वाटते.

औषधाखेरीज ज्या गोष्टीचा मला सर्वांत जास्त भरवसा आहे ती म्हणजे चावण्याची मऊ नळी. अलाइनरच्या दुकानांत आणि दवाखान्यांत तिला ‘च्युई’ म्हणतात. अलाइनर घातल्यावर ती दातांमध्ये धरायची, पाच-दहा सेकंद दाबून ठेवायची, सोडायची आणि एका बाजूच्या दाढांपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरकवत न्यायची. असे पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. दुखऱ्या दातांनी मुद्दाम चावायचे हे पहिल्यांदा विपरीत वाटते. पण अलाइनर नीट बसलेला नसेल तर दाब सर्व दातांवर न विभागता एक-दोन दातांवरच येतो आणि तेच जास्त दुखतात. शिवाय हलक्या चावण्याने चेपलेल्या तंतूंमधले रक्ताभिसरण सुधारते, त्यामुळे काही मिनिटांनी अवघडलेपण कमी झाल्याचे जाणवते.

अलाइनर घालताना तो समोरच्या दातांवर बोटांनी बसवावा आणि मग दोन्ही बाजूंच्या दाढांवर दाबावा. अर्धवट ठेवून दातांनी कचकन चावून बसवण्याची सवय लावून घेऊ नये. त्याने प्लॅस्टिकला चीर जाते आणि दुखऱ्या दाताला नको तेवढा झटका बसतो. काढताना नेहमी मागच्या दाढेपासून, जिभेच्या बाजूने सुरुवात करावी, मग दुसऱ्या बाजूची दाढ मोकळी करावी आणि शेवटी पुढचा भाग अलगद उतरवावा. समोरून ओढल्यास आधीच हळवे झालेले पटाशीचे दात हिसकले जातात. नखे तुटत असतील तर अलाइनर काढण्याचा छोटा आकडा मिळतो. पहिले दोन दिवस तो बऱ्याच जणांना लागतो, त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

जिभेच्या बाबतीत आधी नेमकी जागा शोधावी. हात स्वच्छ धुऊन अलाइनरच्या कडेवरून बोटाचे टोक फिरवावे. जिथे खरबरीत किंवा टोकदार लागेल ती जागा आणि जिभेवरची जखम आरशात जुळते का ते पाहावे. जुळत असेल तर त्या जागेचा फोटो दवाखान्यात पाठवून विचारावे. बहुतेक ठिकाणी एकतर लगेच बोलावून कड गुळगुळीत करून देतात किंवा घरी घासण्याची परवानगी देतात. परवानगी मिळाल्यास नखांसाठीची बारीक दाण्याची कागदी कानस घ्यावी, अलाइनर तोंडाबाहेर धरून तेवढ्याच जागी एकाच दिशेने दोन-चार हलके हात मारावेत, बोटाने तपासावे आणि धुऊन मगच घालावा. कात्री, ब्लेड किंवा लोखंडी कानस वापरू नये. अटॅचमेंटच्या खोबणीजवळचा भाग घासू नये, कारण तिथली पकड गेली की तो दात हलायचा थांबतो. मात्र अलाइनर घातल्यावर कडेखालची हिरडी पांढरी पडत असेल, तर कड लांब कापली गेली आहे असे समजावे आणि ती दवाखान्यातच छाटून घ्यावी.

दवाखान्यात जाईपर्यंत ऑर्थोडॉन्टिक मेण वापरावे. ज्वारीच्या दाण्याएवढे मेण बोटांत मळून, अलाइनरची ती कड कोरडी करून वर दाबून बसवायचे. ओल्या जागेवर ते टिकत नाही, आणि ‘मेणाचा उपयोग झाला नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा एवढेच कारण असते. अलाइनर काढलेला असताना अटॅचमेंट गालाला घासत असेल तर त्यावरही मेण लावता येते. जखमेसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर चुळा भराव्यात. पण अलाइनर काढून. तोंड आल्यावर लावायचे जेल चालेल, फक्त सॅलिसिलेट असलेले जेल १६ वर्षांखालील मुलांना लावू नये. अशी जखम कारण दूर झाल्यावर आठवड्याभरात भरते. दोन आठवड्यांनंतरही न भरलेली जखम दंतवैद्यांना दाखवावी. घरात कोणी तंबाखू खात असेल किंवा मिश्री लावत असेल आणि त्याच व्यक्तीला अलाइनर लावलेले असतील, तर ‘अलाइनर लागला असेल’ असे म्हणून ती जखम अंगावर काढू नये.

आता वर्गातल्या उच्चारांविषयी. वरच्या दातांच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पातळ थर आल्याने जिभेच्या टोकाला जागा कमी पडते. मराठीत ‘चमचा’, ‘झाड’, ‘साखर’ यांसारख्या शब्दांतले पहिले वर्ण जिभेचे टोक दातांजवळ नेऊनच निघतात, म्हणून नेमके तेच सुरुवातीला फसफसतात. जीभ हे फार लवकर शिकते, पण सराव मिळाला तरच. काढून ठेवलेल्या तासांत ती काहीच शिकत नाही. घरी अर्धा तास उद्याचा धडा मोठ्याने, जरा सावकाश वाचून पाहा. माझ्या रुग्णांमध्ये सतत बोलणाऱ्या लोकांचे, म्हणजे शिक्षक, वकील आणि फोनवर काम करणाऱ्यांचे उच्चार बहुधा सर्वांत आधी पूर्ववत होतात. पहिल्या आठवड्यात तोंडाला जास्त लाळ सुटते, तीही कमी होत जाते. वर्गात पाण्याची बाटली जवळ असू द्या. साधे पाणी अलाइनर घालूनच पिता येते.

चहाचे मात्र तसे नाही. गरम चहाने हे प्लॅस्टिक आकार सोडू शकते, त्यावर डाग पडतात आणि साखर दाताभोवती कोंडली जाऊन कीड लागते. म्हणून चहासाठी अलाइनर काढावाच लागतो. पण दिवसात चार वेळा चहा म्हणजे जेवणे धरून सहा-सात वेळा काढणे-घालणे आले, आणि हळव्या दातांना प्रत्येक वेळी तो ताण पडतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत तरी चहा न्याहारीला आणि दुपारच्या खाण्याला जोडून घ्यावा. त्या दिवसांत जेवणही मऊ असावे: मुगाची खिचडी, वरण-भात, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी, दही-भात, उपमा, केळे. चकली, चिक्की, भाजलेले चणे, ऊस आणि कडक थालीपीठ थोडे दिवस बाजूला ठेवा. नुसते कडक पदार्थ टाळून भागत नाही, पेरूसारखे समोरच्या दातांनी तोडायचे फळही फोडी करून दाढांनी खावे. हळदीच्या जेवणानंतर दात न घासता अलाइनर घातला तर तो पिवळा पडतो, एवढेच त्याबद्दल सांगणे पुरे.

पुढचा अलाइनर बदलताना क्रम असा ठेवून पाहा. बदलायचा दिवस शक्यतो शनिवार धरा. रात्रीचे जेवण झाल्यावर दात स्वच्छ करा, आधीच्या वेळी दुखले असेल तर झोपण्यापूर्वी अर्धा तास पॅरासिटामॉल घ्या, नवा अलाइनर घाला, पाच-दहा मिनिटे नळी चावा आणि झोपा. पहिले काही तास झोपेत जातात, सर्वाधिक दुखण्याचा काळ रविवारी येतो आणि सोमवारी वर्गावर जाताना उतार पडू लागलेला असतो. आधीचा अलाइनर टाकून देऊ नका. धुऊन डबीत ठेवा. नवा हरवला, फुटला किंवा बसेचना, तर दवाखान्याशी बोलणे होईपर्यंत तोंड रिकामे ठेवण्यापेक्षा जुना घालणे केव्हाही बरे.

अलाइनर नीट बसला आहे का, हे आरशात पाहून कळते. दाताची चावण्याची कड आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये हवेची फट दिसत असेल तर तो दात मागे राहिला आहे. वरच्या पटाशीच्या दोन मोठ्या दातांशेजारचे लहान दात बऱ्याचदा असे मागे राहतात. नळी चावून आणि वेळ पूर्ण पाळून फट कमी होत गेली तर ठीक. पुढचा अलाइनर घालायचा दिवस आला तरी ती तशीच असेल, तर पुढचा घालू नये, आधी विचारावे. न बसणारा अलाइनर जोर लावून चालवला की पुढचा प्रत्येक अलाइनर जास्त दुखतो.

दोन्ही अलाइनरच्या जाडीमुळे जबडे किंचित उघडे राहतात आणि अनेक जण नकळत ते दाबत बसतात, विशेषतः वह्या तपासताना किंवा गाडी चालवताना. ओठ मिटलेले आणि वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे ठेवण्याची आठवण स्वतःला करून द्यावी. सकाळी कानाजवळ जबडा आखडत असेल, तोंड उघडताना कट असा आवाज होऊन दुखत असेल, तर ते कळवावे.

काही लक्षणांसाठी पुढच्या भेटीची वाट पाहू नये. एकच दात रात्री ठणकून जाग आणतो, गरम लागले की कळ येते आणि ती रेंगाळते, हिरडीवर पू किंवा गाठ दिसते, चेहरा सुजतो किंवा ताप येतो: हे दाबाचे दुखणे नाही, बहुधा कीड किंवा मुळाचा संसर्ग असतो. दात थोडा सैल वाटणे अपेक्षित आहे, पण जिभेने ढकलल्यावर सहज हलणारा दात दाखवायलाच हवा. ओठ किंवा जीभ सुजणे, अंगावर पित्त उठणे किंवा श्वासाला अडचण होणे हे क्वचितच घडते. तसे झाले तर अलाइनर काढून तातडीने रुग्णालय गाठावे.

उपचार संपेपर्यंत असेच चालणार का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत नाही असे आहे. पहिले दोन-तीन अलाइनर सर्वांत अवघड जातात, नंतर प्रत्येक बदलानंतर दिवसभर घट्टपणा जाणवतो आणि मध्येच नवे अटॅचमेंट बसवले किंवा रबर लावायला सांगितले तर पुन्हा एखादा आठवडा हळवा जातो. पूर्ण वेळ घालूनही प्रत्येक अलाइनर पाच-सहा दिवस दुखत राहिला, तर अलाइनर सात दिवसांऐवजी दहा किंवा चौदा दिवसांनी बदलता येईल का, असे तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टना विचारा. उपचार थोडा लांबतो, पण तो अर्धवट सोडण्यापेक्षा हे बरे. विचारताना गेल्या तीन दिवसांत अलाइनर खरोखर किती तास घातला तेही सांगा. पंधरा तास घातलेल्या अलाइनरचे दुखणे बावीस तासांचे समजून दिलेला सल्ला तुमच्या कामाचा ठरणार नाही.